वाटाण्याचा वेल आणि फाळक्यांचं फंडिंग

दादासाहेब फाळके म्हटलं की आपण नाशिककर छाती फुगवून मोकळे होतो. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० ला जन्म, नाशकात १६ फेब्रुवारी १९४४ ला शेवट, मधे 'राजा हरिश्चंद्र', पांडवलेणीच्या पायथ्याशी स्मारक, झालं. पण कॅमेरा हातात आल्यावर या माणसाने आधी जी गोष्ट करून दाखवली ती कथापट नव्हतीच, तो चक्क माहितीपट होता. कुंडीत वाटाणा पेरला, कोंब आला, वेल वर चढला, संपलं. नाव 'अंकुराची वाढ', साल १९१२, लांबी जेमतेम मिनिटभर. आणि त्या मिनिटभराच्या जोरावर 'हरिश्चंद्र'चे पैसे उभे राहिले.

आमचा नाशकात माहितीपट करणाऱ्या पोरापोरींचा एक छोटा ग्रुप आहे, आठवड्याच्या शेवटी कोणाच्या तरी घरी जमतो, चहा होतो, एकमेकांचं फुटेज बघून शिव्या घालणं होतं. तिथे ही केस मी सारखी काढतो आणि दर वेळी वाद होतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकू. प्रश्न साधा आहे: हातात कॅमेरा आहे, कसब आहे, डोक्यात मोठा सिनेमा आहे, खिशात दमडी नाही आणि पैसेवाल्याचा विश्वास नाही, तर काय शूट करायचं?

आधी परिस्थिती बघू

१९१२ चे फाळके म्हणजे बेचाळिशीला टेकलेला संसारी माणूस, उत्साही पोरगा वगैरे अजिबात नाही. मुंबईचं जे. जे. स्कूल झालं, बडोद्याचं कलाभवन झालं, गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला तर तिथे प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, ती सोडून लोणावळ्याला छापखाना, तो छापखाना पुढे दादरला, छपाईचं नवं तंत्र बघायला १९०९ ला जर्मनीची वारी, आणि धंदा जरा रांगेला लागतोय तोच भागीदारांशी बिनसलं आणि हे बाहेर. म्हणजे बायोडेटा झकास पण सावकाराच्या नजरेने बघा ना, हा माणूस एका जागी टिकत नाही, एवढंच त्यातून दिसतं. यातच जादूचे प्रयोगही करायचे, 'प्रोफेसर केळफा' या नावाने, फाळके उलटं वाचा म्हणजे कळेल. ही जादूची बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ती गिरगावातल्या तंबू-थिएटरची गोष्ट, जी सगळ्यांना पाठ आहे: येशूच्या आयुष्यावरचा मूकपट बघताना यांना पडद्यावर आपला कृष्ण, आपला राम दिसायला लागला. ते खरंच आहे, त्यांनी स्वतः १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिलंय. पण फाळक्यांच्या चरित्रात त्याच्या आदल्या दिवशीचाही एक प्रसंग येतो जो लोक गाळून टाकतात. थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन ते थिएटरात गेले होते आणि तेव्हा पडद्यावर होते प्राणी, जनावरांचा पट. पोरगा घरी येऊन आईला सांगायला लागला की भिंतीवर जनावरं हलत होती तर कोणी विश्वास ठेवेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब बघायला गेलं, आणि तो ईस्टरचा दिवस म्हणून येशू. म्हणजे आधी दिसली ती खरी जनावरं, देव नंतर. मला हा क्रम फार आवडतो. माझ्या मते त्या दोन दिवसांत पुढच्या सगळ्या करिअरचा नकाशा आहे, पण ते नंतर.

पुढचे काही महिने हे गृहस्थ मिळेल तो सिनेमा बघतायत, घरी खेळण्यातलं सिनेमाचं यंत्र आणून मेणबत्तीच्या उजेडात खुडबुड करतायत, झोप नाही, शेवटी डोळे गेले. अक्षरशः दिसायचं बंद झालं, उपचार आणि वेगवेगळे चष्मे करून नजर परत आली. त्यातून उठले तर म्हणे लंडनला जायचं. पैसे? आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण. कोणाकडे, तर यशवंतराव नाडकर्णी, फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी आणि स्नेही. १ फेब्रुवारी १९१२ ला बोट पकडली. लंडनला 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाला थेट ऑफिसात जाऊन भेटले, त्याने आधी या फंदात पडू नका असंच सांगितलं म्हणे, मग याची चिकाटी बघून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे पाठवलं, त्याच्या स्टुडिओत सगळी कामं कशी चालतात ते बघितलं. पन्नास पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला, भोकं पाडायचं यंत्र घेतलं, आणि १ एप्रिलला परत. जाण्यायेण्याचा बोटीचा प्रवास धरून दोन महिने. आपल्याकडे दोन महिन्यांत लोकांचं अजून कॅमेऱ्याचं रिव्ह्यू बघणं संपत नाही.

तर एप्रिल १९१२, दादर, फाळक्यांचं घर 'मथुराभुवन'. यंत्रं आहेत. नट, कपडे, सेट, कच्ची फिल्म, रसायनं, एवढ्या लोकांचं महिनोन्महिने जेवणखाण, याला लागणारे पैसे नाहीत. जे गहाण ठेवण्यासारखं होतं ते बरंचसं आधीच गेलेलं.

पैसेवाल्याची शंका नेमकी काय होती

इथे आमच्या ग्रुपमधली पोरं नेहमी घसरतात. त्यांना वाटतं पैसेवाल्याला गोष्ट पटवायची असते. अरे, हरिश्चंद्राची गोष्ट कोणाला पटवायची होती? शेंबड्या पोराला माहीत होती. नाटकं होती, कीर्तनं होती, रविवर्म्याच्या चित्रांचे छापील कागद घराघरात होते. गोष्टीवर कोणाचीही शंका नव्हती.

शंका होती ती वेगळीच. सिनेमा ही विलायतेहून डब्यात येणारी वस्तू. ती इथे, दादरच्या एका घरात, एक मराठी माणूस आपल्या बायकापोरांच्या हातांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बनवू शकतो का? कॅमेरा फिरवता येणं हा त्यातला एक तुकडा. कोरी फिल्म अंधारात यंत्रात घालून तिला दोन्ही कडांना भोकं पाडायची, मग ती चालवायची, मग धुवायची, निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह छापायची, मग तो पट प्रोजेक्टरवर न अडकता चालला पाहिजे. या साखळीतली एक कडी कच्ची निघाली की सगळं मुसळ केरात. दुसरी शंका अशी की नाटक जोरात चाललेलं असताना हे मुकं, काळं-पांढरं सोंग हवंय कशाला.

इथे तुलनेला एक भारी गोष्ट आहे. बरोबर त्याच काळात, १८ मे १९१२ ला, दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' मुंबईत कॉरोनेशन थिएटरला लागला. म्हणजे रंगमंचावरच्या नाटकाचंच चित्रीकरण, कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस, फिल्म धुवायला लंडनला. तोरण्यांचं श्रेय कमी करायचं नाहीये, पहिला कोण हा वाद तर मी घरात शिरूच देत नाही. पण पैसेवाल्याच्या डोळ्यांनी बघितलं तर 'पुंडलिक'ने एवढंच सिद्ध होतं की परदेशी हात आणि परदेशी लॅब असेल तर जमतं. फाळक्यांना सिद्ध करायचं होतं ते याच्या पुढचं.

पर्याय काय होते? 'हरिश्चंद्र'मधलाच एखादा प्रसंग शूट करून दाखवता आला असता, आजच्या भाषेत टीझर. पण त्याला नट लागतात, कपडे लागतात, आणि अर्धवट पैशात केलेला राजा हा गरीब दिसतो, टीझरनेच घात होतो. किंवा सावेदादांसारखं करता आलं असतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, त्यांनी १८९९ मध्येच मुंबईत हँगिंग गार्डनवर कुस्ती शूट केली होती, १९०१ मध्ये रँग्लर परांजपे इंग्लंडहून परत आले त्याचं चित्रण केलं होतं. पण त्यांचा पट धुवायला विलायतेला जायचा, आणि एक तपानंतर कुस्ती बघून कोणी पाकीट काढणार नव्हतं.

वाटाणाच का

आणि या माणसाने पेरला वाटाणा. वाटाणा पैसे मागत नाही. त्याला कपडे नकोत, तो रुसत नाही, रात्रीचा प्रयोग आहे म्हणून निघून जात नाही. खर्च म्हणजे मूठभर दाणे, कुंडी, माती आणि थोडीशी फिल्म. (एप्रिलनंतर मुंबईत वाटाणा, यावर निफाडकडचा कोणीही शेतकरी हसेल, आमच्याकडे तो थंडीचा माल. पण कुंडीत, सावलीत, रोज पाणी घालून जमलं असणार.)

आता हे करतात कसं, म्हणजे टाइमलॅप्स, थांबून थांबून एकेक चित्र घ्यायचं आणि संथ वाढ झरझर दाखवायची, ते बघू, कारण दंतकथेत इथे मोठा घोळ आहे. सगळीकडे छापलेलं असतं की फाळक्यांनी महिनाभर रोज एक फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, घेतली आणि मिनिटभराचा पट तयार झाला. आकडे टाकून बघा. मूकपटाचा वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेम धरा. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट, हिशोबाला सोपं. एक मिनिट म्हणजे ९६० फ्रेम, ६० फूट. रोज एक फ्रेम घेतली तर महिन्यात होतात तीस, पडद्यावर दोन सेकंदसुद्धा नाही, डोळा लवला की वेल गायब. ९६० फ्रेम रोज एक या दराने घ्यायच्या तर अडीच वर्षांहून जास्त लागतील आणि तोवर फाळक्यांचे तीन-चार सिनेमे होऊन गेलेले.

म्हणजे महिनाभर आणि मिनिटभर हे दोन्ही धरायचं तर रोज बत्तीसेक फ्रेम पाहिजेत. दिवसाउजेडी बारा तास धरले तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. दीड महिना धरला तरी दर अर्ध्या-पाऊण तासाने एक. आमच्यातल्या एका पोराने, तो स्वतः टाइमलॅप्स करतो, यावर चांगला मुद्दा काढला होता: सर, तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचा, हँडलच्या एका फेरीला साधारण आठ फ्रेम जायच्या, मग दिवसाला चार फेऱ्या, सकाळ दुपार तिसरा प्रहर संध्याकाळ, बत्तीस झाल्या की! हिशोब बसतो. पण मग पडद्यावर वेल वाढताना दिसणार नाही, अर्धा सेकंद स्थिर, मग टुणकन उडी, पुन्हा स्थिर. आणि ज्याला लोकांना थक्क कसं करायचं हे जादूच्या प्रयोगांतून माहीत आहे तो असली धक्काबुक्की दाखवणार नाही असं मला वाटतं. ट्रिक शॉटसाठी फेरीला एकच फ्रेम जाईल अशी सोय त्या काळच्या काही कॅमेऱ्यांना असायची, नसली तर हँडल हाताने नेमकं एवढंसं फिरवायचं. काहीही असो, कोणीतरी त्या कुंडीपाशी दिवसभर घड्याळ बघत होतं. कॅमेरा तसूभर हलता कामा नये, कुंडी हलता कामा नये, पोरांचा धक्का लागता कामा नये, उजेड बदलला की त्याप्रमाणे सांभाळून घ्यायचं. एका राहत्या घरात. पोरंबाळं असलेल्या घरात.

आणि हे कोणीतरी म्हणजे एकटे दादासाहेब असतील का? सरस्वतीबाई, फाळक्यांच्या दुसऱ्या पत्नी, फिल्मला भोकं पाडायला शिकल्या होत्या हे नक्की आहे, ते काम अंधारात करायचं. पुढे 'हरिश्चंद्र'च्या वेळी फिल्म धुण्यापासून उन्हात पांढरी चादर धरून उभं राहण्यापर्यंत आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक, एवढं त्यांनी केलं. टायटलमध्ये नाव कोणाचं, हा प्रश्न आमच्याकडे सिन्नरची एक मुलगी दर वेळी विचारते आणि दर वेळी बरोबर विचारते.

फुलं उमलतानाचे असे पट तेव्हा इंग्लंडमध्ये निघालेले होते, १९१० मध्ये पर्सी स्मिथने केलेला तर गाजला होता. म्हणजे कल्पना जगात पहिली नव्हती. पण मुंबईतल्या चार जणांना बोलावून, पडदा लावून, कुंडीतलं बी फुटतंय, कोंब मान वर काढतोय, वेल आधार शोधत चढतोय हे मिनिटभरात दाखवायचं, आणि मग सांगायचं की हे याच घरात शूट झालं, याच घरात धुतलं, छापलं. साखळीतली प्रत्येक कडी त्या साठ फुटांत तपासून झाली. आणि नाटकवाल्या शंकेचंही उत्तर त्यातच आलं. रंगभूमीवर हरिश्चंद्र होऊ शकतो, तारामती होऊ शकते, पण कितीही मोठा नट आणा, वाटाणा उगवून दाखवता येत नाही. काळ दाबून मुठीत धरणं हे फक्त या यंत्राला जमतं. पैसेवाल्याला सिनेमा काय चीज आहे ते भाषण न देता कळलं.

पैसे मिळाले. नाडकर्णी, म्हणजे ज्यांच्याकडे पॉलिसी आधीच गहाण होत्या तेच, आणि नारायणराव देवहरे, यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. घरातले दागिनेही गेले. पुढचं माहीतच आहे, २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये निवडक लोकांना खेळ दाखवला, ३ मे ला कॉरोनेशनला सगळ्यांसाठी. ३,७०० फूट. लंडनहून परतल्यापासून तेरा महिन्यांत.

मला यात काय दिसतं

फाळक्यांनी आपल्या सिनेमाचा नमुना दाखवला नाही, पैसेवाल्याच्या शंकेचा पुरावा दाखवला. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि माहितीपटवाल्यांना तो सगळ्यात आधी कळायला पाहिजे, कारण पुरावा हा आपला धंदाच आहे. आमच्याकडे एकजण म्हणतो की सर, हा माहितीपट नाहीच, ही टेस्ट शूट आहे, तुम्ही उगाच त्याला मोठं करताय. असेल बाबा टेस्ट. पण खरी वस्तू, खरी घटना, कोणी अभिनय करत नाहीये, निरीक्षण महिनाभराचं, मांडणी मिनिटभराची, बघणाऱ्याला आधी न दिसलेलं काहीतरी दिसतं. एवढं ज्यात आहे त्याला मी तरी माहितीपटच म्हणणार. आणि टेस्ट म्हणून त्यांना भिंत शूट करता आली असती की, ती केली नाही.

सिन्नरच्या मुलीचा आक्षेप मात्र मला अजून परतवता आलेला नाही. ती म्हणते, तुम्ही याला शून्य बजेटची केस म्हणून सांगता, पण बजेट शून्य नव्हतं, ते दुसऱ्याच्या अंगावर होतं. पॉलिसी गहाण म्हणजे उद्या माणूस गेला तर बायकोपोरांच्या हातात काय? दागिने कोणाचे? अंधारात भोकं कोण पाडतंय? रिस्क घेणारा एक आणि नावाजलेला दुसरा, असं. खरं आहे. फाळक्यांच्या केसमध्ये डाव यशस्वी झाला म्हणून आपण त्याला जिद्द म्हणतो. न होता तर त्याच घराची दुसरीच कहाणी झाली असती आणि ती कोणी लिहिलीही नसती.

नाशिक आणि पुढचं करिअर

'हरिश्चंद्र'नंतर फाळके सगळं बिऱ्हाड घेऊन नाशकात आले. मुंबई सोडून नाशिक हा निर्णय आज ऐकायला उलटा वाटतो, पण नदी, घाट, देवळं, डोंगर, वाडे, पौराणिक सिनेमाला लागणारं सगळं लोकेशन हाताशी आणि फुकट. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' हे इथलेच. आणि या मोठ्या पटांच्या बरोबरीने छोटे पट चालू झाले, हे फार कमी लोकांना माहीत असतं. गोदावरीची दृश्यं, सिंहस्थ पर्वणी, कार्तिकी पौर्णिमेचा उत्सव, खंडाळ्याचा घाट, तळेगावचा काच कारखाना, म्हणजे तोच पैसा फंडाचा, लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केलेला स्वदेशी कारखाना. बरोबर 'आगकाड्यांची मौज', 'लक्ष्मीचा गालिचा' असले काड्या आणि नाणी नाचवणारे गमतीचे पट, तिथे परत जादूगार केळफा. या माणसाच्या नावावर साधारण ९५ चित्रपट आणि २६-२७ लघुपट सांगितले जातात. सव्वीस-सत्तावीस! म्हणजे आपल्या गोदाकाठावर सिंहस्थात कॅमेरा लावणाऱ्यांत दादासाहेब कितीतरी आधी, आणि आम्ही २०२७ च्या कुंभाचं ड्रोन परमिशन कसं मिळेल यावर तास घालवतोय.

पण हे पट लागायचे कसे? मोठ्या खेळाला जोड म्हणून. मुख्य ताटात हरिश्चंद्र, सावित्री, बाजूला लोणच्यासारखी गोदावरी. १९१४ ला ते परत लंडनला गेले, कामाचं कौतुक झालं, आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं, इकडे पैसेवाल्यांनी हात आखडते घेतले, कच्ची फिल्म मिळायची मारामार. संस्थानिकांकडे मदत मागायची वेळ आली. अशा तंगीच्या वर्षांत मोठे पट थांबले. आणि याच तंगीच्या शेवटी-शेवटी, १९१७ मध्ये, त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा पट केला. त्यात ते स्वतः दिसतात, नटांना सूचना देताना, फिल्म जोडताना. म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा तीच चाल, आधी वाटाण्याने सांगितलं की यंत्र चालतं, आता स्वतःला कॅमेऱ्यासमोर उभं करून सांगितलं की कारखाना चालतो. त्याच वर्षी 'लंकादहन' तुफान चालला आणि १ जानेवारी १९१८ ला भागीदारीतून हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली, नाशकात. कंपनी त्या छोट्या पटामुळे आली असं मी म्हणणार नाही, 'लंकादहन'च्या गल्ल्याने आली. पण अडचणीत असताना या माणसाचा हात आपोआप माहितीपटाकडे जातो हे दोनदा दिसतं, आणि दोनदा पुरेसं आहे माझ्यासाठी.

दिवस बरे आले की मात्र तो हात परत देवांकडे जातो. कंपनीत भागीदारांशी पुन्हा खटके, पुन्हा बाहेर, काशीला जाऊन नाटक लिहिणं, पुन्हा परत, मग बोलपट आले आणि जमाना बदलला. 'सेतुबंधन' मूकपट म्हणून सुरू झाला आणि त्याला नंतर आवाज चढवावा लागला, १९३७ चा कोल्हापूरचा 'गंगावतरण' शेवटचा. नंतरची वर्षं नाशकात, विस्मृतीत आणि ओढगस्तीत. माझं वैयक्तिक मत, आणि यावर ग्रुपमध्ये माझ्या बाजूने कोणी नसतं, की फाळक्यांनी सिंहस्थ, घाट, कारखाने, हे जर जोडखेळ न मानता सलग धरलं असतं तर आपल्याकडे एका पिढीचं नाशिक आणि महाराष्ट्र जतन झालं असतं. पण धरलं असतं तर खाल्लं काय असतं? माहितीपटाला पैसे देणारं तेव्हा कोणीच नव्हतं. सरकारी फिल्म्स डिव्हिजन निघाली १९४८ ला, यांना जाऊन चार वर्षं झाल्यावर. मुख्य खेळाआधी थिएटरात छोटा पट दाखवायचा हे फिल्म्स डिव्हिजनने पुढे सक्तीने केलं, फाळके ते स्वतःच्या खर्चाने करत होते.

उरलं काय तेही बघा. 'हरिश्चंद्र'ची दोन रिळं पुण्याच्या फिल्म अर्काइव्हकडे आहेत, पहिलं आणि शेवटचं, आणि तीही मूळ १९१३ ची नसून नंतर पुन्हा शूट केलेल्याची असावीत असं जाणकार म्हणतात. 'चित्रपट कसे तयार करतात' याचे तुकडे आहेत. फिल्म नायट्रेटची, ज्वालाग्राही, उष्ण हवेत सडणारी. वाटाण्याचा वेल आज बघायला मिळत नाही.

ही केस वापरायची कशी

सिन्नरच्या त्याच मुलीचं उदाहरण देतो. तिला लासलगावकडच्या कांद्याच्या खळ्यांवर काम करणाऱ्या बायकांवर माहितीपट करायचाय. तिने आधी टीझर केला, मार्केट यार्डावरून ड्रोन, ट्रॅक्टरच्या रांगा, लिलावाची आरडाओरड, खाली ढोलकी. दिसायला एक नंबर. एका संस्थेसमोर पिच केलं, म्हणजे पैशासाठी कल्पना मांडली, त्यांनी कौतुक केलं आणि पैसे नाही दिले. आम्ही तिला विचारलं, त्यांनी काय काय विचारलं ते आठवून सांग. तर त्यांचे सगळे प्रश्न एकाच जागी फिरत होते: या बायका कॅमेऱ्यासमोर बोलतील का, मालक शेजारी उभा असताना बोलतील का, आणि तुला त्यांच्यात कोणी बसू देतं का. ड्रोनमध्ये याचं उत्तर कुठे होतं? ड्रोनने फक्त हे सिद्ध झालं की तिच्याकडे ड्रोन आहे.

मग तिने ड्रोन ठेवला घरी. खळ्यावर नुसती जाऊन बसायला लागली, पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतच, कांदा निवडायला हात लावला, बायकांनी थट्टा केली की हिची नखं बघा. आणि मग एक शॉट घेतला, एकच मावशी, हात कांद्यावर चालू, मान खाली, आणि बोलतायत, उचल किती घेतली, फिटली किती, पोरीचं कॉलेज का सुटलं. कट नाही, म्युझिक नाही. मधे मालक फ्रेममधून जातो, मावशी थांबतात, तो गेला की वाक्य जिथे तुटलं तिथूनच परत सुरू. यात संस्थेच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आली.

संस्थेने पुन्हा बोलावलंय, पैसे अजून आलेले नाहीत. पण तिने बजेटचा जो नवा कागद केलाय त्यात एक ओळ आधी नव्हती ती आलीय: शूटिंगच्या वेळात मावशींचं जेवढं काम बुडेल तेवढी मजुरी. मी म्हटलं संस्थावाले यावर अडतील, माहितीपटात बोलायचे पैसे देतात का म्हणून विचारतील. ती म्हणाली, सर, बोलायचे नाहीत, बुडालेल्या मजुरीचे आहेत, ही ओळ कापली तर पिच मागे घेते. त्यावरून परवा आमच्याकडे पुन्हा दोन तास वाद झाला आणि या खेपेला निम्मे तिच्या बाजूने होते.